पाव इंचाला एक धागा कमी

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनी पुढे सरका, मला आता ओरडून सांगवत नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुर्ची ओढून घ्या. आज एका चौकोनी कापडाची गोष्ट सांगणार आहे. बाजू साडेबारा इंच, चारही. एवढ्याशा कापडात माझी एकतीस वर्षांची नोकरी कशी गुंडाळली गेली, माझं नाक कसं खाली आलं, आणि आमची अक्का सगळ्या नियमांना कशी पुरून उरली, ते ऐका. ऐकून पुण्य लाभेल असा माझा दावा नाही. पण गोधडी कशी शिवू नये, एवढं ज्ञान घेऊन तरी उठाल.

तर मी वजनमापे निरीक्षक. निवृत्त. पण हे खातंच असं आहे की माणूस निवृत्त होतो, त्याचा डोळा होत नाही. दुधाची पिशवी हातात घेतली की माझा तळहात आपोआप वजन सांगतो. मी बाजारातून चाललो की ओळखीचे दुकानदार अजूनही बोलता बोलता तराजू सरळ करतात. खोटं माप हे मी पाप मानत आलो. देवाने सृष्टी घडवली ती मापात घडवली. बेमाप सोडलं असेल तर फक्त माणसाचं तोंड. असो. मूळ पदावर येतो, नाहीतर म्हणाल, ह्यांचं स्वतःचंच गुणगान चाललंय.

आमची अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मला वाढवलं तिने, त्यामुळे सहासष्टाव्या वर्षीही मी तिच्या लेखी 'छोट्या'. ती आमच्याकडेच असते, मागच्या खोलीत, शिलाई मशीन आणि कापडांच्या चार पेट्यांसह. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जाते, कारण तिथे गोधडी मंडळ भरतं.

ह्या मंडळाची रीत समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मंडळात चौदा बायका. दर महिन्याला एक कागद वाटला जातो, त्यावर एका चौकोनाचं चित्र. कधी चांदणी, कधी टोपली, कधी वाऱ्यावर फिरणारं चक्र. प्रत्येकीने आपापल्या घरचे तुकडे जोडून तो चौकोन शिवायचा आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर उघडून दाखवायचा. बारा महिने, बारा चौकोन. मग ते एकमेकांना जोडून गोधडी करायची आणि ग्रंथालयाच्या खालच्या सभागृहात सगळ्या गोधड्या एका रांगेत टांगायच्या. कागदाच्या मागे नियम. चौकोन साडेबारा इंच असावा, कारण चारही बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातो आणि स्वच्छ बारा उरतात. चौकोन सदस्येने स्वतः केलेला असावा. आणि जी सदस्या लागोपाठ दोन महिने रिकाम्या हाताने येईल तिचं नाव कमी होऊन सभागृहातली तिची जागा दुसरीला मिळेल. हे नियम हेडबाईंनी केले. त्या मुख्याध्यापिका होत्या. आजही चौकोन पाहून मागच्या बाजूला लाल पेन्सिलीने खूण करतात.

अक्काने पाच चौकोन केले. पाचही महिने कागदावर चांदण्याच आल्या, दर वेळी वेगळी, पण चार टोकांची. टोकं अशी की बोट लावावं तर टोचेल. आणि सहाव्या महिन्यात तिच्या डोळ्यांसमोर डाग आला.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध जे आहे ते पुसलं गेलंय, कडेचं राहील. आता परत येणार नाही. मी खाली मान घालून बसलो. अक्का माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुझे कान दिसतायत छोट्या. नाक दिसत नाही. तेवढाच आराम."

त्या महिन्यात ती मंडळात रिकाम्या हाताने गेली. परत आली, चप्पल काढली आणि सरळ मशीनच्या खोलीत जाऊन म्हणाली, "छोट्या, बस इथे."

"कुठे?"

"मशीनवर. आजवर मी एक काम अर्धं टाकलेलं नाही. तुलासुद्धा टाकलं नव्हतं. ही गोधडी त्या रांगेत लागणार आहे, माझ्या नावाने. हात तुझे, बाकी सगळं माझं."

"अक्का, मला बटणसुद्धा लावता येत नाही."

"म्हणूनच बरं. वाईट सवयी मोडाव्या लागणार नाहीत."

स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "अहो, हो म्हणून टाका. दिवसभर माझ्या डब्यांची वजनं करण्यापेक्षा बरं."

आता कापड आलं. कापडावर पहिला हक्क शेजाऱ्यांचा असतो, हे मला माहीत नव्हतं. मी तुकडे गॅलरीत मांडून बसलो तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले औषधवाले आले. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि ते कोणत्याही विषयावर मात्रेसकट बोलतात. म्हणाले, "निरीक्षकसाहेब, नवं कापड धुतल्याशिवाय शिवू नका. आटतं. गरम पाणी, दोन चमचे मीठ, वीस मिनिटं. एकदाच. रिकाम्या बादलीत." मी म्हटलं, सगळं एकत्र चालेल ना? ते म्हणाले, "मीठ आहे ना, रंग धरून ठेवतं." मिठाने काय धरलं ते मला माहीत नाही. लाल तुकड्याने मात्र बादलीतल्या एकालाही सोडलं नाही. पांढरा गुलाबी झाला, पिवळा गुलाबी झाला, माझा आतला बनियन, जो कोणत्याही चौकोनात नव्हता, तोही गुलाबी झाला. औषधवाले संध्याकाळी येऊन बादलीत वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "ॲलर्जी दिसते."

अक्काने ओले तुकडे गालाजवळ नेले, डोळ्याच्या कडेने बघितले. म्हणाली, "आपला सहावा चौकोन गुलाबी होता, असं ठरलं."

मग मशीन. त्या यंत्राविषयी मी एवढंच म्हणेन की ज्याने ते शोधून काढलं त्याच्या मनात माणसाविषयी शंका असावी. पायाने वेग, हाताने दिशा, डोळ्यांनी रेघ आणि तोंडाने गप्प बसणं, हे चार एका वेळी साधणाऱ्याला खरं तर समाधी लागायला हवी. पहिल्या दिवशी मी सात इंच शिवले आणि उठायला गेलो तर मशीनही माझ्याबरोबर उठायला लागलं. माझ्या शर्टाची बाही चौकोनाला जोडली गेली होती, तीही सुरेख सरळ रेषेत. हिने कात्री आणली. अक्का बोटांनी चाचपत म्हणाली, "शिवण चांगली आहे. बाही कापा, शिवणीला धक्का लावू नका."

आणि इथे, मंडळी, आपल्या आख्यानाचा मुख्य भाग सुरू होतो. तुकडे कापायला मी माझी स्वतःची पोलादी पट्टी काढली. सरकारी प्रमाणित. अठ्ठावीस वर्षं माझ्या खिशात होती. तिने मोठमोठ्यांची मापं खाली पाडली आहेत. त्या पट्टीने मी प्रत्येक कडेपासून बरोबर पाव इंचावर पेन्सिलीची रेघ मारली आणि रेघेवरून शिवत गेलो. अक्का शेजारी बसून सुईचा आवाज ऐकत होती.

"रेघेवरून शिवतोयस?"

"अगदी रेघेवरून."

"रेघेच्या जरा अलीकडून घे, कडेच्या बाजूने. एक धागा कमी."

मी मशीन थांबवलं. "म्हणजे पाव इंच नाही?"

"पाव इंचच. एक धागा कमी."

"अक्का, पाव म्हणजे पाव. पावाला एक धागा कमी म्हणजे पाव नाही. एकतीस वर्षं मी लोकांना दंड केलाय तो ह्याच 'जरा कमी'साठी. धागा हे माप नाही. कोणत्या कायद्यात आहे?"

अक्काने माझ्या कानांकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

अक्का 'बरं' म्हणाली की आमच्या घरात दुधावर सायसुद्धा हळूच येते. पण मी माझ्या तत्त्वात होतो.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी आम्ही दोन चौकोन घेऊन गेलो, मागच्या महिन्याचा गुलाबी आणि ह्या महिन्याचा टोपलीचा. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. बायकांचं चाललं होतं. बस चालवणारी एक धिप्पाड बाई आपला चौकोन उलटा करून दाखवत म्हणाली, "मी एका ओळीच्या शिवणी इस्त्रीने डावीकडे आणि दुसरीच्या उजवीकडे दाबते. म्हणजे जोडताना त्या एकमेकींत गच्च बसतात. बसमध्ये बसवते ना, तसंच." एक नर्स म्हणाली, "टोक जुळवायचं असेल तिथे टाचणी उभी टोचायची, इंजेक्शनसारखी. आडवी टोचली की टोक पळतं." सगळ्या वाकून बघत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. मीही लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक मापाविषयी बोलत होते आणि मला बघून थांबत नव्हते. मला ते इतकं आवडलं की माझा घात झाला.

हेडबाईंनी आमचा गुलाबी चौकोन टेबलावर ठेवला, टेप लावला आणि म्हणाल्या, "जवळजवळ अर्धा इंच कमी."

मी उठलो. म्हटलं, "बाई, आधी टेप दाखवा." माझ्या पट्टीशेजारी धरला. कापडी टेप, ताणून ताणून लांब झालेला. मी अत्यंत नम्रपणे सांगितलं, "आपला टेप मीटरमागे पाच मिलिमीटर खोटं बोलतो."

"हा माझ्या आईचा टेप आहे," हेडबाई म्हणाल्या.

"मग खोटं पिढीजात आहे."

हे वाक्य मी परत घ्यायला तयार होतो. पण तोंड बेमाप सुटलं होतं. मी चौदाच्या चौदा जणींच्या पट्ट्या, टेप, फूटपट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या. दोन टेप आणखी बाद केले. एकीची प्लास्टिकची पट्टी इस्त्रीखाली वाकली होती, तिला ताकीद दिली.  शेवटी बसवाली बाई म्हणाली, "साहेब, आता तुमच्याच पट्टीने तुमचाच चौकोन मोजा."

मोजला. बारा इंचांहून केसभर जास्त. साडेबारा नव्हताच.

चौदा बायका ज्या पद्धतीने हसल्या नाहीत, ते मी विसरणार नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हेडबाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि विचारलं, "अक्का, हा हात कोणाचा?"

"आमच्या घरातला."

हेडबाईंनी खूण केली नाही. चौकोनाच्या मागे लिहिलं, 'विचाराधीन'. माझ्या सगळ्या नोकरीत मी दुसऱ्यांच्या अर्जांवर तो शब्द लिहिला. तो लिहिणाऱ्याला लागत नाही, ज्याच्यावर लिहिला जातो त्यालाच लागतो.

घरी येऊन मी तपास सुरू केला. दोष कापडाचा असणार, आटलं असणार. औषधवाले म्हणाले, "मग ताणा. ओलं करून, चारी बाजूंनी, बारा तास. वजन लावून." वजनांची आमच्याकडे कमी नाही, निवृत्तीच्या दिवशी खात्याने मला पितळी वजनांचा संच भेट दिला होता. मी गुलाबी चौकोन ओला केला, फळीवर टाचला आणि चार कोपऱ्यांना चार वजनं टांगली. सकाळी बघतो तर एक कोपरा बाकीच्या तिघांना सोडून जमिनीकडे निघालेला. एका कोपऱ्याला पाच किलोचं लागलं होतं, बाकीच्यांना दोन-दोन. आमच्या हिने फळीसमोर उभं राहून विचारलं, "अहो, हा पतंग कोणत्या महिन्याचा?"

असे महिने गेले. मी प्रत्येक चौकोन पट्टीने कापत होतो, रेघेवरून शिवत होतो, आणि प्रत्येक चौकोन कमी भरत होता. चक्र कमी, शिडी कमी. मी दिव्याला दोष दिला, सुताला दिला, हवेला दिला. अक्का रोज माझ्याजवळ बसायची. कोणता तुकडा कोणाशेजारी, कुठे गडद, कुठे फिकं, सगळं तिच्या डोक्यात. कापडाच्या पेटीत हात घालून ती निळा आणि जांभळा बोटांनी ओळखायची. एकदा विचारलं, कसं ओळखतेस? म्हणाली, "निळं तुझ्या शाळेच्या शर्टाचं. ते मीच शिवलं होतं." शिवून झालं की बोट फिरवून म्हणायची, "टोकं जुळली. छान." मापाविषयी एक शब्द नाही. मला वाटलं, विसरली.

बाराव्या महिन्याच्या सभेत सगळ्यांनी आपापले बारा चौकोन जमिनीवर मांडले. आमचे मांडले तेव्हा सगळं उघडं पडलं. वरच्या पाच चांदण्या पूर्ण मापाच्या, आणि खालचे माझे सात, लहान झालेले कपडे घालून उभ्या असलेल्या पाहुण्यांसारखे. हे एकमेकांना जोडणं अशक्य.

हेडबाई खाली वाकून म्हणाल्या, "एकच उपाय. अक्काचे पाच कापून ह्यांच्या मापाला आणायचे. चारी बाजूंनी पाव-पाव इंच."

नर्स हळूच म्हणाली, "मग चांदण्यांची टोकं जातील हो."

"टोकं जातील, पण गोधडी होईल. प्रदर्शनाला तीनच आठवडे आहेत. नाहीतर जागा दुसरीला देते."

 अक्काने जमिनीवर हात टेकवला आणि आपल्या एका चांदणीचं टोक बोटाखाली धरलं. नुसतं धरून ठेवलं. तिची नजर नेहमीसारखी कडेला, कुठेतरी खिडकीकडे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "एकही टोक कापलं जाणार नाही. ज्याचं माप खोटं त्याने भरून द्यायचं, हा नियम आहे. माझे सात खोटे आहेत. पाचांना कोणी हात लावायचा नाही."

"मग काय करणार?" हेडबाई.

"ते आमचं आम्ही बघू."

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना अक्काने माझा हात धरला. "हे तू फार चांगलं बोललास," ती म्हणाली. "आता कसं करणार, माहितेय?"

"नाही."

"तरी बोललास. शाबास."

घरी आल्यावर तिने मशीनशेजारी टेबल ओढायला लावलं आणि मला बसवलं. पावणेदोन इंच रुंदीचे दोन तुकडे दिले. "शिव. तुझ्या रेघेवरून." शिवले. "आता उघड. इस्त्री कर. आता शिवणीपासून कडेपर्यंत मोज. उघडलेल्या बाजूने." मी भिंग घेतलं, माझी पोलादी पट्टी ठेवली. दीड इंच असायला हवं होतं. होतं दीड इंचाला केसभर कमी.

"कुठे गेला केसभर?"

"घडीत," अक्का म्हणाली. "कापड शिवणीवरून वळतं ना, त्या वळणाला जाडी असते. वळण एक धागा खातं. एका शिवणीत काही कळत नाही. गुलाबी चौकोनात एका ओळीला सात शिवणी होत्या."

मी भिंगातून ती शिवण पुन्हा पाहिली. मग मला जे सुचलं ते सांगतो. ह्यासाठीच तुम्हाला जवळ बोलावलं. एकतीस वर्षं मी दुकानदारांना काय सांगत होतो? डब्यासकट वजन करू नका. गिऱ्हाइकाच्या हातात पडतं ते मोजा. निव्वळ वजन. आणि मी काय करत होतो? शिवणीच्या आधीचं मोजत होतो, डब्यासकट. घडीने खाल्लेला धागा मी हिशेबात धरलाच नव्हता. एक धागा कमी घेतला तर उघडल्यावर पूर्ण भरतं. म्हणजे खोटा मी होतो, अक्का कायद्याने चालत होती.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू कायदा विचारलास."

"नंतर तरी."

"नंतर तू शिवत होतास," अक्का म्हणाली. "तुझं म्हणणं खोडलं असतं तर उठला असतास. मला हात हवे होते."

मग उसवणं सुरू झालं. सात चौकोन, प्रत्येकात पन्नास-साठ तुकडे. उसवणं हे काम असं आहे की त्यात अहंकाराला बसायला जागा नाही; आपणच घातलेला एकेक टाका आपणच मोडायचा आणि कापड मात्र फाटू द्यायचं नाही. आमची ही मला हसत हसत बसली आणि हसत हसत तिनेच तीन चौकोन उसवले. औषधवाले दुकानातून चिमटा घेऊन आले, "तासाला पंधरा टाके, मध्ये दहा मिनिटं विश्रांती" म्हणाले आणि खरोखर चार दुपारी बसले. मी पुन्हा शिवलं. रेघेच्या अलीकडून, कडेच्या बाजूने. एक धागा कमी. प्रत्येक चौकोन उघडून पट्टी लावली, आणि दर वेळी पट्टीने साडेबारा दाखवले. मला माझ्या पट्टीची जराशी लाज वाटली आणि अभिमानही वाटला. गोधडी तयार झाली. चांदण्यांची वीसच्या वीस टोकं जागच्या जागी.

आता शेवटचा डोंगर. प्रदर्शनाचा अर्ज ग्रंथालयाच्या कारकुनाकडे भरायचा. मी, अक्का आणि हेडबाई, तिघंही खिडकीसमोर. कारकून सज्जन माणूस, पण प्रश्न छापील विचारायचा.

"करणाऱ्याचं नाव एकच लिहायचं. कोणाचं?"

"माझं," अक्का म्हणाली.

हेडबाई मध्ये पडल्या. "ह्यांचे सात चौकोन विचाराधीन आहेत. भावाने शिवलेत. नियम आहे, सदस्येने स्वतः केलेलं."

कारकून म्हणाला, "मदतीने केलेल्या वस्तूंसाठी वेगळा विभाग आहे की. जिन्याखाली. फडकी-बादल्यांच्या कपाटाशेजारी. त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो, दिसत नसल्याचा."

"दाखला आहे," मी म्हटलं.

त्याने दाखला वाचला. "पण ह्यात तर लिहिलंय की दिसत नाही."

"हो."

"मग ह्यांनी केलं असं कसं म्हणता येईल? ज्याने केलं नाही त्याला मदतही कशी मिळेल? मदत म्हणजे करणाऱ्याला मदत."

"म्हणजे दाखला दिला तर ती करणारी नाही, आणि नाही दिला तर मदत नाही?"

"बरोबर समजलात," कारकून समाधानाने म्हणाला.

हेडबाई आता जरा नरम आवाजात म्हणाल्या, "अक्का, जिन्याखालीही उजेड बरा असतो. मी स्वतः टांगून देते."

"मला उजेडाचं काय कौतुक," अक्का म्हणाली. "गोधडी रांगेत लागेल. नाहीतर मी ती अंगावर घेऊन त्या रांगेत उभी राहीन, प्रदर्शन संपेपर्यंत. खुर्चीही मागणार नाही. बाळा, तुझा अर्ज वाच. पहिल्यापासून. सगळे रकाने."

कारकून वाचू लागला. नाव. पत्ता. लांबी. रुंदी. कापडाचा प्रकार. वापरलेली साधने.

"थांब. साधनं कोणती चालतात?"

त्याने नियमावली उलटीसुलटी केली. "साधनांवर बंधन नाही. मशीन, हाताची सुई, काहीही."

"मग लिही. करणाऱ्याचं नाव, माझं. साधनं: शिलाई मशीन एक, कात्री दोन, पोलादी पट्टी एक, धाकटा भाऊ एक."

 कारकुनाने पेन उचललं, ठेवलं. हेडबाईंकडे बघितलं. म्हणाला, "भाऊ हे साधन धरता येईल का?"

अक्का म्हणाली, "रंग मी ठरवले, तुकडे मी लावले, तो कुठे वळला ते मी सांगितलं. स्वतःच्या मनाने त्याने एकच गोष्ट केली, तीही उसवावी लागली. आणखी काय हवं साधन व्हायला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षं मी साधनं तपासली. योग्य असेल त्यावर शिक्का, नसेल ते जप्त. आता मी स्वतः त्या रकान्यात कात्री आणि पट्टीच्या रांगेत उभा होतो. मान राखायचा तर इथे बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हेडबाई, तक्रार नाही. लिहू द्या."

 हेडबाईंनी पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि 'धाकटा भाऊ एक'च्या पुढे बरोबरची खूण केली.

गोधडी रांगेत लागली, बसवाल्या बाई आणि नर्सच्या मधोमध. खाली पुठ्ठ्यावर सगळं छापलेलं, साधनांसकट. मी चार दिवस सभागृहात बसलो. लोक गोधडी बघायचे, पुठ्ठा वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे. एका बाईने अक्काला विचारलं, हे साधन थोडे दिवस उसनं मिळेल का. अक्का म्हणाली, "देत नाही. चालवायला अवघड आहे. कळायला सात चौकोन लागतात." चारही दिवस ती गोधडीशेजारी उभी होती. कोणी चांदणीचं कौतुक केलं की त्यांचा हात धरून टोकावर ठेवायची: "बघू नका, लावून बघा."

परवा मंडळाचा नव्या वर्षाचा पहिला कागद आला. अक्काने तो मला वाचायला लावला, दोनदा. डाग कडेपर्यंत पसरलाय, आता तिला माझे कानही नीट दिसत नाहीत, पण मी रेघेवर घसरलो की आवाजावरून ओळखते.

तुम्हाला एवढ्या जवळ बसवलं आणि बोलून बोलून दमवलं, त्याबद्दल एकच मागणं आहे. तुम्ही उद्या देवापुढे हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांची नावं घ्यालच. ती घेऊन झाली की माझ्या अक्कासाठी क्षणभर थांबा. तिला दृष्टी मिळावी असं मागू नका, तिला ते चालायचं नाही. म्हणेल, गेलं त्याचं रडगाणं कशाला. बोटं शाबूत राहावीत, एवढं मागा. आणि थांबाल ते नुसतं उरकायचं म्हणून नको. तिची आठवण काढाल ती पूर्ण काढा.